शनिवारी बंद ऑफिसमधून गेलेला मेल

भुताखेतांवर माझा आधीही विश्वास नव्हता, आजही नाही. कुणी अंगारा पुढे केला तर मी हात मागे घेते. तरीही हे इथे लिहितेय, कारण ऑफिसमध्ये आता कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

मी रंजना. राहते कांदिवली पूर्वेला. नोकरी अंधेरीत मरोळला, जहाजाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. शिक्षण परभणीला, मराठी शाळेत. नऊ वर्षांपूर्वी इथे लागले तेव्हा माझा प्रत्येक मेल 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट' असा सुरू व्हायचा... शाळेत रजेचा अर्ज शिकवलेला, तेवढंच भांडवल! शेजारच्या टेबलावरची फिलोमिना हसून हसून बेजार झाली होती. "अगं, भीक कसली मागतेस? काय हवंय ते पहिल्या ओळीत लिही ना!"

फिलू मनोरीची. घरात मराठी, शाळा कॉन्व्हेंटची. सहा वर्षं माझा एकही मेल तिने वाचल्याशिवाय गेला नाही. छोटी वाक्यं, समोरच्याचं नाव घेऊन सुरुवात, शेवटी 'रिगार्ड्स'ऐवजी 'वॉर्मली' - सगळं तिने शिकवलं. मग एके दिवशी तीच म्हणाली, "आता मला दाखवू नकोस. तुला गरज नाही माझी." त्या दिवशी मी घरी श्रीखंड घेऊन गेले. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून माझे मेल माझे मीच लिहिते.

यंदा परदेशी क्लाएंट सांभाळायची जागा निघाली. सरांनी बोलावून सांगितलं, "सोमवारी तुमचं नाव जाहीर करतो." मी सगळ्यात आधी फिलूला सांगितलं. तिने मिठी मारली आणि शनिवारी मनोरीला जेवायला बोलावलं.

सोमवारी सर म्हणाले, "नको होतं तर तोंडावर सांगायचं. मेल कशाला?" त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मेल माझ्या आयडीवरून गेलेला, शनिवारी अकरा वीसला. इंग्लिश अगदी सुरेख. मजकूर असा - मी आभारी आहे, पण माझं इंग्लिश माझं नाही. माझे मेल आजही फिलोमिनाच लिहून देते. ही जागा तिला द्यावी. शेवटी 'वॉर्मली, रंजना'.

शनिवारी अकरा वीसला मी मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या बोटीत होते. शेजारी मला न्यायला आलेली फिलू. तिच्या नवऱ्याने काढलेल्या आमच्या फोटोवर तीच वेळ आहे. आयटीवाल्याने तपासलं - मेल माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून गेला होता, वेळ लावून ठेवलेलाही नव्हता. शनिवारी ऑफिसला कुलूप असतं. वॉचमनच्या वहीत त्या दिवशी एकही नाव नव्हतं.

मी फिलूला पॅन्ट्रीत नेलं आणि मेलची प्रिंट तिच्या हातात दिली. मला वाटलं, माझ्यापेक्षा तीच जास्त भडकेल. ती वाचता वाचता खुर्चीत बसली... चेहरा पांढराफटक.

"मी नाही पाठवला गं. देवाशपथ!"

"मग कुणी?"

"नाही माहीत. पण हे शब्द... माझे आहेत. बोटीत मनातल्या मनात जुळवत होते. असा मेल तुझ्या नावाने गेला तर... नुसतं मनात! लिहिलं कुठेच नाही."

बोटीत ती माझ्या खांद्यावर हात टाकून उभी होती.

"तीन वर्षं मी स्वतः लिहितेय. तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग चल, सरांना सांगू."

ती प्रिंटची घडी घालत राहिली. "बारा वर्षं झाली यार मला इथे," एवढंच बोलली.

मी तिला ओढतच सरांच्या केबिनमध्ये नेलं. सरांनी सरळ विचारलं, "रंजनाचे मेल अजून तुम्ही लिहिता का?"

मेल कसा गेला याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. आयटीवाल्यानेही हात टेकले. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, पण खरं सांगायचं तर आता त्याने मला फारसा फरक पडत नाही. कारण सरांच्या प्रश्नावर फिलू माझ्या शेजारी उभी राहून, स्वतःच्या तोंडाने, स्वच्छ म्हणाली, "हो, सर."