तांब्याचा वायसर

पापडीच्या नाक्याला प्लासिडचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी पडलेली माती आणि मधोमध पुरुषभर खोल खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी राहायची आणि प्लासिड खाली उतरायचा. बोलायला तो मुलखाचा कंजूष, आणि सामानाच्या बाबतीत त्याहून. वाकडा खिळासुद्धा तो ठोकून सरळ करायचा.

इंजिनाचं जळकं तेल काढलं की खालच्या चेंबरचा नट परत बसवताना मधे तांब्याचा वायसर, म्हणजे भोकाची पातळ चकती, घालतात. दाबून दाबून तो कडक होतो, मग तेल धरत नाही. बाकीचे मिस्तरी तो फेकून नवा घालायचे. प्लासिड मात्र जुने वायसर डब्यात साठवायचा, संध्याकाळी घरच्या स्टोव्हवर लालभडक तापवायचा आणि पाण्यात सोडायचा. तांबं पुन्हा मऊ व्हायचं. "उचला ती तुमची चकली, मला कालवण ठेवायचंय," म्हणून त्याची बायको क्लारा करवादायची. पण तसा तापवून घातलेला वायसर वर्षानुवर्षं कधी गळला नव्हता, हेही खरं.

प्लासिडची धाकटी बहीण मटिल्डा पाचूबंदरच्या युजीनशी लग्न करून गेली तेव्हा वाडीत मोठा गहजब झाला होता. बागायतदाराची पोर कोळ्याच्या घरात? बापाने अंगणात पाय ठेवू दिला नाही. लग्नाला माहेरचा म्हणून एकटा प्लासिड उभा राहिला. पुढे युजीनने होडीतला वाटा भावांना सोडला आणि टेम्पो घेतला. बंदरावरचं म्हावरं बर्फात घालून तो ठाण्याच्या बाजारात पोचवायचा. पूर्वी तो प्यायचा. थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्याने दारू सोडली, ती सोडलीच. टेम्पोचं सगळं काम प्लासिडकडे.

त्र्याऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. भर दुपारी युजीन गॅरेजात आला. मागे पापलेटच्या टोपल्या, बर्फाचं पाणी फळ्यांतून टपटपत होतं.

"पटकन तेल बदल रे. आज नाय जमलं तर परत आठवडाभर वेळ नाय."

"माल भरून आणतात का तेल बदलायला?"

"होड्या लवकर आल्या. काय करू?"

प्लासिड खड्ड्यात उतरला. तेल काढलं. डब्यात हात घातला तर तापवलेला एकही वायसर शिल्लक नव्हता, आणि दुकान दुपारचं बंद. त्याने निघालेलाच वायसर पुसून परत घातला. नवं तेल ओतलं, इंजिन चालू केलं, तर नटाच्या कडेला थेंब धरला. त्याने आवळलं. थेंब पुन्हा आला. मग त्याने पान्याला पाइप लावला आणि अजून एक रेटा दिला. त्या रेट्याला आत काहीतरी सैल पडलं. चेंबरचे आटे जुने, झिजलेले. हाताला जे कळायचं ते कळलं.

"युजीन, तेल परत काढतो. आटे बघायला पायजेत."

"गळतंय का?"

प्लासिडने बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं होतं.

"आत्ता नाही गळत."

"मग पुढल्या खेपेला बघ. बर्फ चाललाय माझा."

प्लासिड खड्ड्यातून वर आला आणि बाजूला झाला. एवढंच. टेम्पो निघून गेला.

घोडबंदरच्या चढावर नट पडला. ऑइलचा दिवा कधीचाच गेलेला, त्यामुळे युजीनला समजलं ते इंजिन जाम झाल्यावरच. वळणावर टेम्पो उभा राहिला. चाकांना दगड लावून तो खाली बघायला शिरला. मागून वळणावरून खडीचा ट्रक आला तो थेट टेम्पोवर. युजीन जागीच गेला. बर्फ, पापलेट, सगळं रस्त्यावर पसरलेलं होतं.

मोडका टेम्पो ओढून आणला तो प्लासिडच्याच गॅरेजात. दुसरीकडे कुठे नेणार? लोक पांगल्यावर तो खाली उतरला. नटाच्या जागी नुसतं भोक होतं, आणि आत उपटलेल्या आट्यांची चमचमती धार. त्याने तिथे बोट लावलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

चार दिवसांनी त्याने मटिल्डाला सगळं सांगितलं. ती सुपात सुकट निवडत होती. हात थांबला नाही.

"अजून कोनाला म्हायतीय?"

"कुणाला नाही."

"मग सांगू नको." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "माझ्या पोरींना बाप नाय उरला. मामा तरी राहू दे. ह्या लोकांना कळलं तर तुला दारात उभा करनार नायत. मला तुझ्याशिवाय कोन आहे?"

प्लासिड गप्प राहिला असताही. पण बंदरावर वेगळीच कुजबुज सुरू झाली. युजीन पिऊन टेम्पोखाली झोपला होता म्हणे. नाहीतर भर रस्त्यात शहाणा माणूस खाली शिरतो का? सोडलेली दारू परत धरली असणार. युजीनची म्हातारी आई तेरेसा टोपली घेऊन बाजारात बसली की शेजारणींची बोलणी थबकायची. तिने बाजारात जाणं सोडलं.

युजीनला महिना झाला तेव्हा देवळातल्या मिस्सेनंतर त्याच्या घरी जेवण होतं. अंगणात पंगत बसली होती. कोपऱ्यात एकजण दुसऱ्याला म्हणाला, "दारूनेच घात केला बिचाऱ्याचा." तेरेसा वाढत होती. तिच्या हातातली पळी भांड्याला लागून खणकन वाजली.

प्लासिड पानावरून उठला. मटिल्डाने दारातून मान हलवली, नको म्हणून. त्याने ते पाहिलं.

"तो प्यायला नव्हता," तो म्हणाला. "माझ्या गॅरेजातून शुद्धीत गेला. नट मी लावला. जुना वायसर घातला, आटे गेलेले मला कळले होते, तरी गाडी सोडली. इंजिन माझ्यामुळे जाम झालं."

युजीनचा थोरला भाऊ लॉरेन्स उठला, प्लासिडच्या गळपट्टीला धरून त्याला फाटकाबाहेर ढकलून आला. कुणी अडवलं नाही. तेरेसा मात्र पळी तशीच हातात धरून एकच वाक्य परत परत म्हणत होती, "माझा पोरगा शुद्धीत होता. ऐकलंत ना? शुद्धीत होता तो."

त्यानंतर बंदरावर दारूचं नाव कुणी काढलं नाही. गॅरेजातही कुणी आलं नाही. आधी कोळ्यांचे टेम्पो बंद झाले, मग वाडीतल्या गाड्या. ज्याच्या हाताने बहिणीचा नवरा गेला त्याच्या हाती गाडी कोण देणार? पावसाळ्यात पत्रे उडाले ते प्लासिडने परत घातले नाहीत. वालीवच्या एका कारखान्यात तो पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला लागला.

मटिल्डा एकदाच आली, तीही क्लाराकडे. अंगणातच उभी राहिली. प्लासिड बाहेर आला तेव्हा म्हणाली, "तू मोकळा झालास. त्यांना त्यांचा मुलगा परत दिलास. माझ्या हातात काय ठेवलंस?" ती पाणी न पिता गेली.

पाच-सहा वर्षांनी तेरेसा वारली. प्लासिड देवळात सगळ्यात मागे उभा राहिला, मग कबरस्तानाच्या भिंतीबाहेर. माती देऊन लोक बाहेर पडू लागले. मटिल्डा दोन्ही मुलींना घेऊन त्याच्या समोरून गेली. धाकटीने वळून वळून पाहिलं.

"आई, तो कोन?"

"माझा भाऊ," मटिल्डा म्हणाली, आणि चालत राहिली.