मावशीच्या अंगणातलं अर्थिंग

आईला झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते घरी आल्यापासून ती पुण्यातल्या आमच्या धायरीबाहेर एकदाही मुक्कामाला गेली नव्हती. तिची धाकटी बहीण जुन्नरकडे राहते. मावशीला मणक्याच्या दुखण्यामुळे पुण्यापर्यंतचा प्रवास झेपत नाही आणि मावशीच्या घराच्या उंच पायऱ्या आईला दम लागत असल्यामुळे चढवत नाहीत. दोघींची भेट फोनवरच होई. म्हणून मी शाळेची एक जुनी व्हॅन घेतली, आतली बाकं काढली आणि पलंग, पंखा, कपाट बसवलं.

मशीन साडेतीनशे वॅटचं. गाडीतली बॅटरी त्याला जेमतेम तीन तास पुरते आणि आई आठ तास झोपते. म्हणजे मुक्कामी घरातल्या प्लगवरून गाडीला वीज देणं भाग होतं. त्यासाठी गाडीच्या मागे झाकणाचं सॉकेट बसवलं आणि आत वीज गळली की लगेच तोडणारा स्विच लावला.

पार्किंगमधला प्लग सोसायटीच्या मीटरवर आहे, म्हणून चाचणीसाठी केबल आमच्या गॅलरीतून खाली सोडली. सोसायटीचे अध्यक्ष ती बघत उभे राहिले.

"अहो, सलाईन लावलंत होय गाडीला? डिस्चार्ज कधी?"

दुपारी आई मशीन लावून गाडीत झोपली. उठल्यावर म्हणाली, पंखा जरा जोरात आहे. तिच्याकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

मग मी मावशीला फोन करून विचारलं, तुझ्याकडे अर्थिंग आहे का.

"प्लगला तीन भोकं हायेत की," मावशी म्हणाली.

तिथल्या वायरमनकडून बघून घेतलं, तर तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती. गाडी पत्र्याची, पाय टेकायला ओलं अंगण, आणि आत आई. अर्थिंगचा खड्डा झाल्याशिवाय जायचं नाही, असं मी सांगितलं. आईने फोन हातात घेतला आणि बहिणीला म्हणाली की माझ्यासाठी अंगण खणू नकोस, राहू दे आता. नंतर माझ्याकडे न बघता आत गेली. बायको म्हणाली, तुमचं बरोबर आहे, पण त्यांना वाटतंय आपण बहिणीच्या घरात खोट काढली.

चार दिवसांनी मावशीचाच फोन आला. तिने कढीपत्त्याच्या झाडाशेजारी खड्डा घेऊन कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी सगळं बसवून घेतलं होतं. खड्डा ओला ठेवा, असं वायरमन सांगून गेला होता.

"आक्का, सकाळी कढीपत्त्याला घालते तसं तुझ्या खड्ड्यालाबी तांब्याभर पाणी घालते. आता तू येईस्तोवर घालायचं का बंद करू?"

आईने फोन ठेवला आणि लुगड्यांची पिशवी मागितली.

आम्ही पोचलो तेव्हा खड्ड्यावरची माती ओली होती. मी चाचणीचा दिवा जोडून तिसरं भोक तपासलं, मग केबल जोडली. मशीन सुरू झालं. पलंग मी आईच्या मापाचा, अडीच फुटी केला होता. मावशी आपली उशी काखेत घेऊन पायऱ्या उतरली.

"सरक गं," ती म्हणाली.

आई सरकली.