कुलपाचा फ्यूज

आमच्या धाकट्या बहिणीला कारखान्यात सगळे चिमटाबाई म्हणत, कारण चिप उचलायचा चिमटा तिच्या हातातून जेवतानाच काय तो सुटे. कारखाना लिफ्टच्या पॅनेलचा. कुठे थांबायचं, दार कधी उघडायचं, हे पूर्वी कपाटभर रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, ठरवत. मग ते सगळं बोटाएवढ्या चिपमध्ये मावू लागलं. त्या चिपच्या पोटात बारीक फ्यूज असत. नको ते जाळायचे, की चिप तयार. एकदा जळलं की जळलं, तिथे खोडरबर चालत नसे. शेवटी एक कुलपाचा फ्यूज. तो जाळला की आत काय आहे ते कोणालाच वाचता येत नसे.

एकदा एका लिफ्टचं दार दोन मजल्यांच्या मध्येच उघडलं. कोणी पडलं नाही, हे नशीब. चिप तपासायला परत आली. घाईत तिला कुलूप लावायचं राहिलं होतं. धाकटीने चिपची मांडणी लिहिलेली आपली वही काढली. लिफ्ट थांबलेली 'आणि' मजल्याशी जुळलेली असेल तरच दार उघडायचं. तिने तिथे 'किंवा' घातलं होतं. साहेब यायच्या आत तिने कुलपाचा फ्यूज जाळला आणि वाचता येत नाही म्हणून सांगितलं. तिने दुरुस्त केलेली नवी चिप आणि नव्या वायरी एकदमच बसल्या, लिफ्ट सुधारली, खापर वायरमनच्या डोक्यावर फुटलं. त्याला पॅकिंगला बसवलं. तो भांडलाही नाही.

"माझ्याच हातून झालं असेल, ताई," एवढंच तिला म्हणाला.

पुढे दिव्याखाली धरून पुसता येणाऱ्या चिप आल्या, मग विजेनेच पुसल्या जाणाऱ्या, मग दर वेळी चालू होताना आपली मांडणी नव्याने वाचून घेणाऱ्या. नव्या मुली दिवसाला दहा चुका करत, पुसत आणि हसत. धाकटी तेवढ्यात पाणी प्यायला उठे.

गेल्या महिन्यात धाकटी तीच वही घेऊन माझ्याकडे आली. त्याच लिफ्टला नवी चिप बसवायची होती आणि जुनी वाचता येत नसल्याने साहेबांनी वही मागितली होती.

"हे 'किंवा'चं पान फाडू का, दादा?"

तीस वर्षं मी वर्गात मुलांना चूक कबूल करायला उभं केलं. तरी म्हणालो, "फाड. आता कोण विचारतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वायरमनच्या घरी गेलो. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं, मग आत हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? वायरी बरोबर होत्या."

बायको दारात आली. त्याने पान तिला दाखवलं. आमच्याकडे मात्र पाहिलं नाही.