डावा मडगार्ड

बायकोच्या थोरल्या भावाला भावोजी बेचाळीस वर्षं ओळखत होते, असं म्हणायचं. खरं पाहता त्यांना एवढंच ठाऊक होतं, की दादा चहात साखर कमी घेतात, गॅरेजमध्ये गाड्यांना रंग देतात आणि स्वतः कधी गाडी चालवत नाहीत. का चालवत नाहीत, हे भावोजींनी विचारलं नव्हतं. त्यांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्याच्या लिखाणात चूक दिसली की गुपचूप दुरुस्त करायची. लिहिणाऱ्याला विचारायचं नाही आणि आपण केली म्हणून सांगायचंही नाही.

दादांचा हात नावाजलेला. ठोकलेली गाडी त्यांच्याकडून परत आली, की कुठे ठोकली होती ते मालकालासुद्धा सापडायचं नाही. डब्यातला ताजा रंग आणि पाच वर्षं उन्हात तापलेल्या पत्र्याचा रंग एक कधीच नसतो. दादा थेंबभर काळा, थेंबभर पिवळा घालून नव्या रंगाला आधी म्हातारा करायचे आणि मग रंग फवारायची गन हातात घ्यायचे.

पण काम सुटलं आणि ते खिडकीपाशी बसून राहू लागले. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची डावी बाजू बघत.

"दादाला आतून काहीतरी खातंय," भावोजींची बायको म्हणाली. "मला सांगणार नाही तो. तुम्ही विचारा."

"मी?"

"मग काय पोस्टमनला पाठवू? बेचाळीस वर्षांत भावाशी माझ्या धड दोन वाक्यं बोलला नाहीत!"

विचारायचं कसं, ते भावोजींना सुचेना. म्हणून ते एक खोकं घेऊन गेले. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी काही हौशी मंडळी स्लॉट कार पळवायची. लाकडी ट्रॅकमध्ये खाच, खाचेच्या दोन्ही कडांना वीज खेळवणाऱ्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते आणि हातातला खटका दाबला की गाडी पळते. कमीजास्त पळवता येते, वळवता येत नाही. अशा एका गाडीचे सुटे भाग त्या खोक्यात होते.

"भावोजी, हे वय काय माझं खेळण्याचं?"

"माझंही नाही. पण दोघांचं मिळून होईल काहीतरी."

दादा हसले. तिथून तीन आठवडे भावोजी रोज जात राहिले. कागदावरच्या सूचना ते वाचून दाखवायचे आणि दादा जोडायचे. मोटर बसली, दाते जुळले, तारा डागल्या. बॅटरीला लावून पाहिलं तर चाकं उलटी फिरली.

"तारा उलट्या लागल्या. तुम्ही तपासलं होतंत ना?"

"मी अक्षरं तपासतो, दादा. तारा नाही."

रंगाचा पहिला हात तर साफ फसला. मोठी गन चालवलेल्या हाताला ती वीतभरही नसलेली गाडी झेपेना. रंग दारांच्या रेषांत साचला. दादांनी सगळा काढला, प्लास्टिकचा सांगाडा साबणाने धुतला, एका बाटलीच्या तोंडावर बसवला आणि छोट्या गनने एकावर एक पातळ हात दिले. क्रीम रंग. रंगाच्या दोन झाकणबंद वाट्या शेजारी होत्या. दोन कशाला, हा प्रश्न भावोजींच्या मनात आला आणि तिथेच राहिला.

"खिडकीपाशी न्या," दादा म्हणाले. "तिरपी धरून बघा. काय दिसतं?"

भावोजींना लगेच दिसलं. डावा पुढचा मडगार्ड किंचित पिवळा होता. जोडाची रेघ सरळसरळ उघडी.

"छान झालीये."

"नीट बघा."

"छानच आहे, दादा."

दादांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

भावोजींना त्या रात्री झोप नाही. दादांची नजर गेली! रविवारी हॉलमध्ये चारचौघं बघतील, कुणीतरी हसेल. दुसऱ्या दिवशी बायको दादांना खोकल्यासाठी डॉक्टरांकडे घेऊन गेली. भावोजी दादांच्याच घरी थांबले. त्यांनी ओल्या पॉलिश पेपरने ती कडा घासली आणि बाकीच्या गाडीला लावलेल्या, पहिल्या वाटीतल्या रंगाचे तीन हात मारले. सगळी शागिर्दी तीन आठवड्यांची, पण रंग असा बसला की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

दादा आले आणि गाडी खिडकीपाशी घेऊन गेले. तिरपी धरली. पुन्हा धरली.

"कोणी केलं?"

"मीच. आता दिसत नाही ना?"

"नाही," दादा म्हणाले. "काहीच दिसत नाही."

ते खुर्चीत बसले. आत चहाची भांडी वाजत होती. दादा हलक्या आवाजात बोलू लागले. तीस वर्षांपूर्वी अशीच एक क्रीम गाडी सकाळी सकाळी गॅरेजमध्ये आली. डावा मडगार्ड चेपलेला. खांबाला घासली, मालक म्हणाला.

"दिव्याच्या कडेत लोकरीचा धागा अडकला होता, भावोजी. निळा. खांब काय स्वेटर घालतात? मी हवेच्या नळीने तो उडवला, पत्रा ठोकला, खड्ड्यात लांबी भरली, रंग जुळवला. तीन दिवसांनी कळलं, गावाबाहेरच्या रस्त्यावर एक सायकलवाला मेलेला सापडला. कोणत्या गाडीने उडवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळणार कसं? माझा रंग होता."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, दादा?"

"विचारलं असतं तर झालं असतं माहीत. एक तरी गाडी अशी करायची होती की डाग दिसेल. आणि कुणीतरी विचारील."

भावोजींनी पिवळ्या रंगाची वाटी जवळ ओढली. ते म्हणाले, "उद्या आपण खरवडून काढू. परत पिवळा मारू."

दादांनी मान हलवली. हो की नाही, ते भावोजींना आजही सांगता येत नाही. पहाटे फोन आला. दादा झोपेतच गेले होते.

ती गाडी आता भावोजींच्या टेबलावर असते. ट्रॅकवर कधी गेली नाही. दुपारी ऊन आत येतं तेव्हा ते तिला तिरपी धरून ती रेघ शोधतात. रेघ खाली आहे, हे फक्त त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनाही दिसत नाही. पॉलिश पेपर दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवून दिला. रस्त्यावरून गाडी गेली की त्यांचीही मान वळते. डावीकडे. बायको बघते, पण विचारत नाही.

मग त्यांना त्या शेवटच्या संध्याकाळचं दार आठवतं. ते चपला घालत होते आणि दादा गाडी बाटलीवर परत बसवत होते.

"येतो, दादा."

"या. दार जरा हळू ओढा. रंग ओला आहे, धूळ बसेल."

"ओढतो."