रत्नागिरीची फाइल, डोंगराआडची शाळा

रिपोर्ट पाठवून झाला होता. रत्नागिरीपासून आत, डोंगराआडच्या एका गावात शाळेच्या चार नव्या खोल्या होणार होत्या. त्या किती तापतील हे पुण्यात कॉम्प्युटरवर आधीच काढून बघायचं, हे माझं काम. त्यासाठी वर्षभराच्या हवामानाची तासातासाची फाइल लागते. मी रत्नागिरी शहराची घेतली. उत्तर आलं: पत्र्याचं छप्पर आणि पंखे पुरेत. नंतर नकाशात गाव नीट पाहिलं आणि चैन पडेना. ऑक्टोबरात दोन दिवस रजा टाकून एसटीत बसले.

आंबा घाटातून जाणार असाल तर पुढची सीट घ्या. वळणं पोट ढवळतात. पहिल्या दुपारी दोन वाजता रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर वारा मोजायचं छोटं यंत्र हातात धरलं. पातं गरगर फिरत होतं. फाइल खोटी नव्हती, पण किनाऱ्याची होती. खानावळीत सुरमई आणि सोलकढी निवांत जेवले.

दुसऱ्या दिवशी गावात. तिथे एसटी दोनदाच जाते, म्हणून रिक्षा केली. तुम्हीही परतीचं आधीच ठरवून ठेवा. मुख्याध्यापिका कांबळे बाईंनी दोन वाजता मला जुन्या वर्गात नेलं. वर पत्रा, खाली रिकामे बाक. पातं हललंच नाही. मुलं बाहेर व्हरांड्यात पाढे म्हणत होती.

"वारा डोंगरापलीकडेच राहतो," बाई म्हणाल्या. "नव्या खोल्यांतही असंच होणार का?"

माझा रिपोर्ट चुकलाय, हे मी तिथेच सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत.

"मग तसं लिहून द्या. थांबायची सवय आहे आम्हाला. एकदा बांधलं की परत तोडायला कोण येतंय?"

सोबत नेलेला थर्मामीटर त्यांच्याकडे ठेवून आले. महिनाभर त्या रोज दुपारी त्याचा फोटो पाठवत राहिल्या. उपग्रहाच्या नोंदींवरून खास त्या जागेसाठी बनवलेली दुसरी फाइल मी मिळवली. बाईंचे आकडे तिच्याशी बऱ्यापैकी जुळले. पुन्हा गणित केलं. पत्रा नापास. कौलं, खाली सिलिंग आणि पश्चिमेला व्हरांडा हवा होता.

चूक माझी, असं रिपोर्ट मागवणाऱ्या इंजिनिअर साहेबांना लिहून टाकलं. मग कौलं आणि सिलिंग मंजूर झालं, व्हरांडा कापला गेला.

घरी बसून फाइल निवडायला मला पाच मिनिटं लागली होती. ती पाच मिनिटं अजून टोचतात. व्हरांडा गेल्याचं बाईंना कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं: "तो आम्ही गावकरी श्रमदानाने करू. माप तेवढं द्या."

त्याच संध्याकाळी माप काढून पाठवलं.