खुडूक मॅडम

आमच्या मॅडम प्रयोगशाळेत आल्या की पर्स ठेवायच्या आधी कोपऱ्यातल्या द्रव नायट्रोजनच्या कॅनच्या पोटाला तळहात लावत. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. कॅन बाहेरून कोमट लागला तर सगळं ठीक. गार लागला तर त्याची भिंत बिघडली आणि आतला नायट्रोजन भराभर उडून चालला, असा अर्थ. त्या कॅनमध्ये माणसांच्या रक्तातल्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या, आणि त्या जिवंत राहायला हव्या होत्या. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं मॅडमचं सगळं लक्ष तिथं. म्हणून मी त्यांचं नाव ठेवलं, खुडूक मॅडम. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरं हाये. खुडूक कोंबडी कोणाच्या वाट्याले जात नाई."

मी तेव्हा दोन लेकरांची आई होते आणि उशिरा पीएच.डी. करायला निघाले होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. नालवाडीतल्या घरातून निघतानाच मी पांढरा कोट चढवायची, भाजीवालीनं डॉक्टर म्हणावं म्हणून. तिनं मला वर्षभर कंपाउंडरीण म्हटलं. हत्तीपायावरची लस माझ्या प्रबंधाच्या आधी तयार होणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. नातू विचारतो, आजी, कुठं आहे तुझी लस? नाही झाली. इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कोणी वाट पाहायला नको.

मॅडम परिषदेत खणखणीत इंग्रजी बोलत आणि प्रयोगशाळेत अस्सल वऱ्हाडी. सायटोकाइन म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "पेशी निरोप धाडते, थो सायटोकाइन. कोणी धाडला, कोणाले धाडला, अन् त्यानं आयकलं का. एवढं समजलं का लस समजली." मी नुकतेच तीन शोधनिबंध वाचलेले. म्हटलं, मॅडम, हे इतकं सोपं नसतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मंग तू कठीण करून सांग." मी अर्धा तास कठीण करून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या गेल्या. पण मला अजून काही समजेनासं झालं की आधी निरोप कोणाचा, ते शोधते.

आमचा सगळा भरवसा नाचणगावच्या सुभद्राबाईंवर होता. नवऱ्याला हत्तीपाय, दिराला हत्तीपाय, आणि त्याच घरात, तेच डास चावून घेत म्हातारी झालेल्या सुभद्राबाईंचे पाय सरळ. तपासणीत हत्तीपायाच्या जंताचा मागमूस नाही. त्यांच्या पेशी या जंताला ओळखून इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप पाठवतात का, हे कळलं असतं तर लस कोणत्या वाटेनं शोधायची याची दिशा मिळणार होती. त्यांनी रक्त दिलं. म्हणाल्या, "घ्या, पण वाया घालवू नोका." त्या हिवाळ्यात त्या हृदयविकारानं गेल्या. मागे राहिल्या आमच्या कॅनमधल्या त्यांच्या पेशींच्या मोजक्या कुप्या. त्या वाया गेल्या तर पुन्हा मागायला माणूस नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी मॅडमनी हात कॅनवर ठेवला तो उचललाच नाही. "हात लाव," त्या म्हणाल्या. मी लावला. बाहेर ऊन भाजत होतं. म्हटलं, वा, छान गार आहे.

"माठ नाई थो," मॅडम म्हणाल्या.

आत लाकडी पट्टी बुडवून काढली. तिच्यावर दोन बोटं बर्फ धरला. तेवढाच नायट्रोजन उरला होता, आणि नागपूरहून दुसरा कॅन यायला आठवडा. मॅडम म्हणाल्या, "पुलगावले गुराच्या दवाखान्यात नायट्रोजन राह्यते."

"पण मॅडम, तिथं तर ते..." मी थांबले. तिथं गाई भरवण्यासाठी वळूचं वीर्य गोठवून ठेवतात.

"हो, तेच. थेबी जिवंतच राह्यते. काऊन, लाजून राह्यली का?"

दोन लेकरांची आई, आणि मी खरंच लाजत होते.

विभागाची जीप दुरुस्तीला गेलेली. आम्ही कॅन उचलून काळीपिवळी टॅक्सीत बसलो आणि पुलगावच्या रस्त्याला लागलो. मॅडमनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. कॅनच्या सैल झाकणातून पांढरी वाफ निघत होती आणि सगळी टॅक्सी आमच्याकडे बघत होती. कोणी ओळखीचं भेटलं तर काय, म्हणून मी हळूच माझा रुमाल झाकणाच्या फटीत कोंबला. मॅडमनी तो उपसून माझ्या मांडीवर टाकला. "कोंडला का फुटते थो. आपल्या सगळ्याईले उडवतं का?" शेजारचे आजोबा सरकून बसले. मग धीर करून त्यांनी विचारलं, "चहा हाये का वो, बाई?"

"चहाच हाये," मॅडम म्हणाल्या. "पण थंडा झाला."

दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर भला माणूस, पण सावध. सरकारी कॅन, सतत उघडला आणि वळूंच्या वीर्याच्या कांड्या वितळल्या तर तालुक्याच्या गाई भाकड राहतील, म्हणाले. मॅडमनी त्यांना सुभद्राबाईंची सगळी हकिकत सांगितली. विनंती अशी केलीच नाही. हकिकत संपल्यावर डॉक्टर टोपी काढून डोकं खाजवत राहिले. "उन्हाळ्यात गाई माजावर कमीच येतात," ते शेवटी म्हणाले. "एक डबा रिकामा आहे. पण मॅडम, खूण ठळक करा. आमच्या माणसानं चुकून गाईला म्हातारी दिली तर पंचाईत."

मॅडमनी वेणीची लाल रिबीन सोडून त्या डब्याच्या दांडीला बांधली. कुप्या एका कॅनमधून दुसऱ्यात जाताना क्षणभरच हवेत आल्या.

तो आठवडा मॅडमच्या हाताला काम नव्हतं. एकदा त्यांनी येऊन माझ्या जेवणाच्या डब्यावरच हात ठेवला. मी विचारलं, "भीती वाटते का, मॅडम?" वाटलं, नाही म्हणतील. "वाटते ना," त्या म्हणाल्या. "रस्त्यात अर्ध्या वितळल्या असल्या अन् पुन्हा गोठल्या, तर बाहेरून तशाच दिसतात. उघडल्याबिगर समजत नाई."

नागपूरचा कॅन आला, कुप्या परत आल्या, आणि मॅडमनी सुभद्राबाईंचीच एक कुपी काढली. मी म्हटलं, आधी दुसऱ्या कोणाची पाहू या. "जिची भीती हाये, तिचीच पाहा लागते," त्या म्हणाल्या. कोमट पाण्यात कुपी हलवली, बर्फाचा शेवटचा खडा दिसेनासा होईस्तोवर. पेशी धुतल्या. मग निळा रंग मिसळला. मेलेली पेशी तो रंग आत घेते, जिवंत घेत नाही. मॅडमनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"सांग."

मला आधी काही दिसेना, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. मग दिसलं. सगळीकडे गोल, चकचकीत, बिनरंगाच्या पेशी. मधूनच कुठं एखादा निळा ठिपका.

"मॅडम, आहेत."

त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पायांतल्या चपला काढून टाकल्या. एवढं हलकं मला बाळंतपणातून सुटल्यावरही वाटलं नव्हतं.

पुढच्या तपासणीत सुभद्राबाईंच्या पेशींसमोर जंताचं प्रथिन ठेवलं, तेव्हा इंटरफेरॉनच्या चाचणीला गडद पिवळा रंग आला, म्हणजे निरोप गेला होता. मॅडम मला घेऊन नाचणगावला गेल्या, सुभद्राबाईंच्या सुनेला सांगायला. पेशी मेल्या असत्या तरी मॅडम जाणारच होत्या, हे मला वाटेत कळलं.

सून तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सासूबाई अजून हायेत म्हणा की."

"थोड्याशा हायेत," मॅडम म्हणाल्या.

"काय करून राह्यल्या तिथं?"

"जंत समोर आला का तुटून पडतात. अन् बाकीच्याईलेबी बलावतात."

सून पदर तोंडाला लावून हसत सुटली. "इथंबी तेच करत होत्या." मग हसू ओसरलं आणि ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मी येऊ का एकदा पाह्यले?"

"येजो," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या प्रयोगाच्या दिवशी ती आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. मॅडमनी तिच्यासाठी स्टूल खाली केलं, भिंगाखाली सासूबाईंच्या पेशी नीट बसवून दिल्या आणि बाजूला झाल्या. ती बसली. आणि डोळा लावायच्या आधी तिनं डोक्यावरून पदर घेतला, पुढे ओढून नीट केला.

मॅडमनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच दटावलं, हसू नको म्हणून. मी हसत नव्हते.