दाराकडे तोंड केलेली खुर्ची

बातमी आली ती सकाळी, बाबांच्या मोबाईलवर. मी ओट्याशी चहा गाळत होते. बाबा नुसतं "हं... हं..." म्हणत राहिले, फोन ठेवला आणि मला म्हणाले, "गॅस बंद कर." त्यांची धाकटी बहीण, माझी सुमनआत्या, पाथर्डीहून स्कुटीवर नगरला परत येताना करंजी घाटात गेली. मागून कुठल्यातरी गाडीने उडवलं. पंचनाम्यात लिहिलंय, 'अज्ञात वाहन'. त्याला आता काही आठवडे झाले, आणि वाहन अजून अज्ञातच आहे. मी बाबांच्या कामगार चळवळीची पत्रकं वाचत मोठी झाले. आमच्याकडे पाहुण्याला बसायला सतरंजी कमी पडली तर पत्रकांचे गठ्ठे सरकवले जायचे. त्यामुळे छापलेला शब्द उलटून बघायची खोड आहे. हा शब्द मात्र कितीही उलटला तरी घशाखाली उतरत नाही.

आत्या सिक्युरिटी गार्ड घडवायची. होमगार्डमध्ये जत्रांचे, मिरवणुकांचे बंदोबस्त करून तिचा आवाज कमावलेला होता. एमआयडीसीमागच्या माळावर ती एका एजन्सीसाठी पोरापोरींना तयार करायची. पोरं बहुतेक पाथर्डी-जामखेडकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारी. टोळ्या हलायच्या आधी ही स्कुटी घेऊन वाड्यावस्त्यांवर पोचायची आणि हातात कोयता येण्याआधी त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवायची. पोरं तिला 'उस्ताद' म्हणत. आग कशी विझवायची, बाईची पिशवी तपासताना कुठे बघायचं नाही, संतापलेल्या माणसासमोर आपले तळवे उघडे कसे दिसू द्यायचे, हे सगळं ती शिकवी. एजन्सीवाला कुरकुरायचा, "बाई, एवढं कशाला? नुसतं उभं राहायचं असतं." ती म्हणायची, "तेच तर शिकवतीय."

उभं राहणं शिकवायची तिची एक रीत होती. एका पोराला मधे उभं करायची. एका बाजूला रिकामी खुर्ची, दुसऱ्या बाजूला बाकीची पोरं बसलेली. "आता गडबड झाली. पाठ कुनाकडं करशील?" नवा पोरगा हमखास खुर्चीकडे पाठ करून पोरांवर डोळे वटारायचा. खुर्ची म्हणजे साहेब, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. मग आत्या त्याचे खांदे धरायची. "आदी धोका कुटं हाय त्ये बघ. तिकडं तोंड कर. ज्याला राखायचं, त्याच्याकडं पाठ. धोका दर येळी मानसाकडनंच येतो असं न्हाई बाळा, आन दर येळी गेटाभाईरनंबी न्हाई. आन एकदा पाठ केली की मागं बघायचं न्हाई."

बाबांना तिचं काम पटत नव्हतं, मलाही नाही. गार्ड म्हणजे गरिबाच्याच पोराला गणवेश घालून गरिबासमोर उभं करणं, हे माझं मत आजही आहे. जेवताना बाबा तिला डिवचायचे, "काय सुमे, आज मालकाच्या किती भिंती राखल्या?" ती भाकरी मोडत म्हणायची, "दादा, तुझी क्रांती आली ना, की तिच्याबी गेटवर कुनीतरी उभं ऱ्हावं लागल. आत्तापासून शिकवून ठेवती." यावर बाबा हसायचे आणि तिच्या ताटात अजून एक भाकरी टाकायचे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका कारखान्याने कंत्राटी कामगार काढले. ते गेटसमोर बसले. मी त्यांच्यात पत्रकं वाटत होते. समोर आत्याच्या तालमीतले चार गार्ड, तोंडं आमच्याकडे. आत्या त्या दिवशी पाहणीला आली होती. आम्ही एकमेकींना ओळख दाखवली नाही. दुपारी आमच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, नंबरप्लेट नसलेल्या दोन जीप थांबल्या. उतरलेल्या माणसांच्या हातात गज होते. मला ते उशिरा दिसलं. गार्डना आधी दिसलं होतं. आत्या फक्त "चला" म्हणाली. ते चौघं आणि ती बसलेल्या माणसांतून वाट काढत पलीकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. शर्टांवर मागे 'सुरक्षा' लिहिलेलं असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. गजाच्या फटक्याने त्या चौघांतल्या जामखेडच्या बापूचा हात मोडला. पण एकानेही मागे वळून पाहिलं नाही. जीप निघून गेल्या.

आत्याने आणि बापूने चेहरे पाहिले होते. दोघांनी पोलिसांत नावानिशी जबाब दिले. पुढच्याच महिन्यात एजन्सीचं कंत्राट गेलं, एजन्सीने आत्याला काढलं. त्याच माळावर आता नवा शिक्षक आहे. तिथेही एक खुर्ची असते. पोरं तिच्याकडे पाठ करून उभी राहतात, आणि तो शाबास म्हणतो.

आत्या मात्र थांबली नाही. आमच्या वस्तीमागच्या पटांगणात तिने स्वतःच पोरं जमवली. मग संध्याकाळी तिथे एक गाडी येऊन उभी राहू लागली. उतरायचं कुणी नाही... काच अर्धी खाली, एवढंच. फोन यायचे, समोरून कुणी बोलायचं नाही. तिची शेवटची भेट झाली ती साक्षीची तारीख लागल्यावर. नेहमीसारखी उंबऱ्यापाशी प्लॅस्टिकची खुर्ची ओढून, गल्लीकडे तोंड करून बसली.

"आत्या, आत बस की."

"हितनं दिसतं."

"पोलिसांना सांगितलंस गाडीचं?"

"सांगितलं. त्यांनी लिवून घेतलं." मग मागे न बघताच, "पत्रकवाले, मी जानार हाय कोर्टात. तुजं ते मोठं भाषन नको करूस. च्या टाक."

त्यानंतर ती पाथर्डीला पोरं आणायला गेली.

आता साक्षीदार एकटा बापू उरला आहे. तारीख जवळ आली आहे. त्याची बायको त्याला जामखेडला परत चल म्हणते, आणि मी तिला चूक कसं म्हणू? परवा संध्याकाळी तो आला. बाबा म्हणाले, "बापू, तू नाही म्हणालास तरी तुला कुणी नाव ठेवणार नाही." मी हा लेख लिहिते आहे हे त्याला सांगितलं, तुझं नाव घालू का विचारलं. "घाला की, ताई. न्हाई घातलं तर त्यास्नी काय ठावं न्हाई व्हय मी कोन त्ये?"

आत्याची खुर्ची अजून उंबऱ्यापाशीच असते. आई झाडताना उचलते आणि परत तशीच, दाराकडे तोंड करून ठेवते. आत्या गेल्यापासून परवापर्यंत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. बापूने तिच्याकडे पाहिलं, "बसू का?" म्हणाला, आणि बसला. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी आली, हळू झाली... दिवे न लावताच थांबली. बाबा उठायला लागले. बापूने मोडल्यापासून नीट सरळ न होणारा तो हात जरासा मागे करून त्यांना बसायची खूण केली. त्याची पाठ आमच्याकडे होती. त्याने मागे पाहिलं नाही.